पणजोबांचें नांव

श्राद्धाच्या दिवशीं पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पुरुषांचीं नांवें ज्यांस दरवर्षीं उच्चारावीं लागतात, त्यांस पणजोबांचें नांव विसरण्याची सोय राहत नाहीं. चौथें नांव विचारलें तर आपणांपैकीं बहुतेक जण घरांतील वडील माणसांच्या तोंडाकडे पाहूं लागतात, ही गोष्ट निराळी. परंतु तीनपर्यंत तरी आपला पाय घसरत नाहीं. म्हणूनच एका जगद्विख्यात पुरुषास हें तिसरें नांव, ज्यास कधीं पाहिलें नाहीं अशा माणसाला पत्र लिहून विचारावें लागलें, हें वाचून वाचकांस नवल वाटेल.

हा पुरुष म्हणजे अब्राहम लिंकन. सन १८४८ मध्यें ते अमेरिकेच्या कायदेमंडळांत इलिनॉय प्रांताचे प्रतिनिधि म्हणून वॉशिंग्टन येथें राहत होते. अध्यक्षपद अजून तेरा वर्षें दूर होतें. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील हिंगहॅम गांवचे सॉलोमन लिंकन नामक गृहस्थ यांनीं दुसऱ्या एका प्रतिनिधीमार्फत त्यांजकडे चौकशी केली. हे सॉलोमन आपल्या गांवाचा इतिहास लिहिलेले विद्वान. एकाच आडनांवाचा हा पश्चिमेकडील वकील आपल्या भावकींतला तर नव्हे, अशी त्यांस जिज्ञासा. ६ मार्च रोजीं लिंकन यांनीं उत्तर धाडलें. त्याचा आशय असा: वडिलांचें नांव थॉमस, आजोबांचें अब्राहम, हे आजोबा व्हर्जिनियांतील रॉकिंगहॅम परगण्यांतून १७८२ च्या सुमारास केंटकींत आले आणि दोन वर्षांनीं तेथील इंडियनांच्या हातून मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हानियांतून व्हर्जिनियांत आले व ते क्वेकर पंथाचे होते, अशी एक अंधुक आख्यायिका घरांत आहे. तिच्या मागचें कांहींच ऐकिवांत नाहीं. शेवटीं सहज म्हणून त्यांनीं आणखी एक गोष्ट जोडली. आमच्या घराण्यांत अब्राहम आणि मॉर्डेकाय हीं नांवें फार आढळतात. तुमच्याकडील लिंकनांत जें लेव्ही हें नांव इतकें प्रचलित आहे, तें मात्र आमच्यांत कोणाचेंहि नाहीं.

रॉकिंगहॅम परगण्यांत डेव्हिड लिंकन नांवाचे एक वृद्ध गृहस्थ अजून राहतात, असें त्याच महिन्यांत कळल्यावरून अब्राहमनीं त्यांसहि लिहिलें. डेव्हिड यांच्या उत्तरावरून शंका फिटली. त्यांचे चुलते अब्राहम आणि आपले आजोबा अब्राहम ही एकच व्यक्ति, हें लिंकन यांच्या ध्यानांत आलें. म्हणजे हे डेव्हिड आपल्या वडिलांचे सख्खे चुलतभाऊच निघाले. मग २ एप्रिल रोजीं दुसरें पत्र गेलें, आणि त्यांत प्रश्नांची सरबत्ती आहे: तुमच्या आजोबांचें नांव काय? ते क्वेकर होते कीं नव्हते? पेनसिल्व्हानियांतून व्हर्जिनियांत ते केव्हां आले? त्यांच्यामागचें आपल्या घराण्याविषयीं कांहीं ठाऊक आहे काय? डेव्हिडचे आजोबा तेच अब्राहमचे पणजोबा. एकोणचाळीस वर्षांचा, कायद्याच्या पुस्तकांत मुरलेला, चार मुलांचा बाप झालेला हा गृहस्थ आपल्या प्रपितामहांचें नांव विचारीत होता. पुढें १८५९ सालीं त्यांनीं आपल्या चरित्राचें जें छोटें टिपण लिहून दिलें त्यांतहि तें नांव नाहीं. उलट, न्यू इंग्लंडमधील लिंकन घराण्याशीं दुवा जुळविण्याचा यत्न केला, पण नांवांच्या सारखेपणापलीकडे कांहीं हातीं लागलें नाहीं, असाच त्यांत उल्लेख आहे.

चार मुलें असें वर लिहिलें खरें, पण त्या वर्षापर्यंत त्यांस दोनच मुलगे झाले होते; दुसरे दोघे मागाहून जन्मले. घराण्याचा हिशेब लिहितांना लेखणी अशी घसरते, आणि ती घसरली कीं पुढचे शंभर लोक तीच चूक उतरून घेतात. म्हणून ती खोडून न टाकतां येथें तशीच ठेविली आहे. लिंकन घराण्याच्या इतिहासांत अशा घसरलेल्या लेखण्या पुष्कळ आहेत.

आतां मूळ गांवाकडे वळूं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यास नॉर्फोक नांवाचा परगणा आहे. तेथील स्वॉन्टन मॉर्ले या गांवीं रिचर्ड लिंकन नांवाचा खाऊनपिऊन सुखी जमीनदार राहत असे. त्यानें चार लग्नें केलीं. पहिल्या बायकोचा एकुलता एक मुलगा एडवर्ड. १६२० सालीं रिचर्ड वारला तेव्हां मिळकत चौथीकडे व तिच्या मुलांकडे गेली आणि वडील मुलगा एडवर्ड जवळजवळ कोरडाच राहिला. सावत्र आईची गोष्ट कोणत्याहि देशांत गेलें तरी ओळखीचीच निघते. एडवर्ड जवळच्या हिंगहॅम गांवीं राहूं लागला. त्याच्या मुलांस हातपाय हालविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्यांतील एक सॅम्युएल. हिंगहॅमच्या देवळांतील दप्तरांत त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद २४ ऑगस्ट १६२२ या तारखेची आहे. अशीं दप्तरें तेथें गांवोगांव सांपडतात, कारण आठव्या हेन्रीचा प्रधान थॉमस क्रॉमवेल यानें १५३८ सालीं प्रत्येक देवळास बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांची वही ठेवण्याचा हुकूम सोडला होता. ज्याच्या घरीं एक इंच जमीन नाहीं अशा माणसाचेंहि नांव या वहींत येई, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें हेंच महत्त्वाचें ठरणार आहे.

सॅम्युएलला नॉरिच शहरीं फ्रान्सिस लॉज नांवाच्या विणकराकडे उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. तो काळ नॉर्फोकांतील प्युरिटन लोकांस फार कठीण होता. नॉरिचचा बिशप मॅथ्यू रेन यानें देवळांतील विधींविषयीं कडक धोरण धरिलें. हिंगहॅमचा धर्मोपदेशक रॉबर्ट पेक हा त्याच्या रोषास पात्र झाला, आणि त्याच्या मागोमाग गांवचीं किती तरी कुटुंबें समुद्रापलीकडे निघून गेलीं. १६२९ पासून १६४० पर्यंतच्या अवधींत सुमारें वीस हजार इंग्रज न्यू इंग्लंडमध्यें जाऊन वसले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. फ्रान्सिस लॉजनेंहि १६३७ सालीं बिऱ्हाड हालविलें. देश सोडून जाणाऱ्यांची तेव्हां सरकारी तपासणी होई. तिच्या यादींत लॉज, त्याची बायको, एक मुलगी आणि दोन नोकर अशीं पांच माणसें नोंदलेलीं आहेत. नोकरांपैकीं एक सॅम्युएल लिंकन, वय अठरा. पण १६२२ चा बाप्तिस्मा धरला तर वय पंधराच भरतें! मुलांचा बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत होत असे. तेव्हां एक तर या मुलाच्या बाबतींत तो लांबला असावा, नाहीं तर यादी लिहिणाऱ्यापुढें कोणीं तरी तीन वर्षें वाढवून सांगितलीं असावीं. आमचा कल दुसऱ्या तर्काकडे आहे. कामकरी मुलाचें वय मोठें सांगण्यांत मालकाचा व मुलाचा दोघांचाहि फायदाच असतो.

जहाज मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथें लागलें, आणि सॅम्युएल लवकरच हिंगहॅमला आला. हें दुसरें हिंगहॅम. जुन्या गांवाहून आलेल्या लोकांनीं नव्या भूमींत वसविलेल्या वस्तीला १६३५ सालीं जुन्याचेंच नांव दिलें होतें. सॅम्युएलचा वडील भाऊ थॉमस तेथें आधींच येऊन राहिला होता. पण थॉमस लिंकन म्हटल्यानें कोणाचाहि बोध होत नसे, कारण त्या एवढ्याशा गांवांत चार थॉमस लिंकन होते! लोकांनीं त्यांस धंद्यावरून ओळखण्याची युक्ति काढली: थॉमस विणकर, थॉमस पिंपवाला, थॉमस चक्कीवाला आणि थॉमस शेतकरी. सॅम्युएलचा भाऊ तो विणकर. पिंपें करणाऱ्या थॉमसच्या वंशांत पुढें जनरल बेंजामिन लिंकन झाला. १७८१ मध्यें यॉर्कटाऊन येथें इंग्रजांची शरणागतीची तलवार त्याच्या हातीं आली. अध्यक्ष लिंकन हे या सेनापतीचे नातलग, असें कोणी ठासून सांगूं लागला तर त्यास आधीं चार थॉमसांचा निवाडा करावयास सांगावें.

विणकर थॉमसला मूल नव्हतें. त्यामुळें त्याची घरजमीन धाकट्या भावाच्या घरीं आली, आणि कफल्लक म्हणून आलेला सॅम्युएल मातब्बर झाला. त्यास व मार्था या त्याच्या पत्नीस अकरा मुलें झालीं. १६५५ सालीं जन्मलेल्या मुलाचें नांव मॉर्डेकाय ठेविलें. तो तान्हेपणींच गेला. दोन वर्षांनीं पुन्हा मुलगा झाला, त्याचेंहि नांव मॉर्डेकाय. साराबाबतहि तसेंच घडलें. गेलेल्या मुलाचें नांव पाठच्या भावंडास देण्याची त्या लोकांची रीत होती. त्यांतील दुःख व आशा आपणांस समजण्यासारखीं आहेत. परंतु वंशावळ जुळविणाऱ्यास या रीतीनें किती फसविलें असेल! १६८१ सालीं हिंगहॅमकरांनीं बांधलेलें लांकडी प्रार्थनामंदिर अद्याप उभें असून अद्याप वापरांत आहे. सॅम्युएल तें बांधून झाल्यावर नऊ वर्षांनीं, १६९० च्या मे महिन्यांत वारला.

दुसऱ्या पिढींतला हा मॉर्डेकाय विणकर झाला नाहीं. तो लोहार झाला. जवळच सिच्युएट येथें त्यानें लोखंडाचा कारखाना काढला, धान्य दळण्याची आणि लांकूड कापण्याची पाणचक्की घातली आणि चांगला पैसा मिळविला. त्याची बायको सारा जोन्स ही हल गांवच्या अब्राहम जोन्सची मुलगी. थोरल्या मुलाचें नांव बापाप्रमाणें मॉर्डेकाय ठेवण्यांत आलें. दुसऱ्या मुलास आईच्या वडिलांचें नांव मिळालें. लिंकनांच्या घरांत अब्राहम हें नांव शिरलें तें असें. पुढें ज्या नांवानें हें घराणें जगाच्या कानाकोपऱ्यांत पोंचलें, तें नांव सुनेनें माहेराहून आणिलेलें होतें! तिच्या तिसऱ्या मुलाचें नांव आयझॅक. आणि सारा वारल्यावर दुसऱ्या बायकोच्या पोटीं जो मुलगा झाला तो जेकब. बायबलांतील आजा, बाप आणि नातू यांचीं नांवें मॉर्डेकायनें ओळीनें तिघां भावांस देऊन टाकिलीं. वाचकांनीं हें त्रिकूट विसरूं नये.

तिसऱ्या पिढीपासून या घराण्यास जें भटकण्याचें वेड लागलें तें पुढें सुटलेंच नाहीं. थोरला मुलगा मॉर्डेकाय, जन्म १६८६, हा भाऊ अब्राहम याच्यासह समुद्रकिनारा सोडून न्यू जर्सींत गेला. तेथें रिचर्ड सॉल्टर नांवाचा एक वजनदार गृहस्थ होता. त्याची मुलगी हॅना हिच्याशीं त्याचें लग्न झालें. त्यांच्या तेथील संसाराची एक खूण अजून शिल्लक आहे. न्यू जर्सींतील एका जुन्या दफनभूमींत एक लहानसा दगड असून त्यावर डेबोरा लिंकन, वय तीन वर्षें चार महिने, १५ मे १७२० एवढीच अक्षरें आहेत. आडनांवांतील एक अक्षर दगड कोरणाऱ्यानें गाळलेलें आहे. हॅनाच्या इतर मुलांनीं कुळें वाढविलीं, जमिनी घेतल्या, मृत्युपत्रें केलीं. या मुलीनें कांहींच केलें नाहीं. तरी लिंकन घराणें न्यू जर्सींत राहत होतें याची जागेवर उभी राहिलेली साक्ष तीच देते.

तेथून मॉर्डेकाय पेनसिल्व्हानियांत गेला. त्या प्रांतांत लोखंडाच्या धंद्यास तेव्हां नुकताच आरंभ होत होता, आणि बापाकडून आलेली विद्या त्याच्या हातीं होती. दोन भागीदारांबरोबर त्यानें भट्टी चालविली, पुढें आपला भाग विकून नदीकांठीं जमीन घेतली आणि १७३३ सालीं दगडी घर बांधिलें. बर्क्स परगण्यांतील तें घर अजून उभें आहे. १७३६ मध्यें वयाच्या पन्नासाव्या वर्षीं तो वारला. दुसऱ्या बायकोच्या पोटीं त्याच्या मागें जन्मलेल्या मुलाचेंहि नांव अब्राहमच. शेजारीं बून नांवाचें मोठें क्वेकर घराणें होतें. केंटकीच्या वाटा धुंडाळणारा प्रसिद्ध डॅनिएल बून १७३४ मध्यें याच आळींत जन्मला. बापामागें जन्मलेल्या अब्राहमनें १७६० सालीं डॅनिएलची चुलतबहीण अ‍ॅन हिच्याशीं लग्न केलें, आणि पंथाबाहेरचा नवरा केला म्हणून क्वेकरांच्या सभेनें अ‍ॅनला दोष दिला. म्हणजे नवरा क्वेकर नव्हता हें उघड आहे. अध्यक्ष लिंकन यांच्या घरांतील क्वेकरपणाची आख्यायिका या शेजारावरून व सोयरिकीवरून निघाली असावी, असा आमचा समज आहे. हिंगहॅमचे लिंकन कडवे प्युरिटन होते. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट अगदींच खोटी नसते, पण ती खरीहि क्वचितच असते.

मॉर्डेकायनें मरतांना हॅनाच्या मुलास, म्हणजे जॉनला, न्यू जर्सींतील तीनशें एकर जमीन ठेविली. जॉन हाच तो पणजोबा. डेव्हिडला ज्याचें नांव विचारलें गेलें तो हा. कागदपत्रांत तो आपला धंदा विणकराचा सांगतो, हें वाचून सॅम्युएलची आठवण होते. १७६८ मध्यें पन्नाशी उलटल्यावर तो कुटुंबासह दक्षिणेस व्हर्जिनियांत उतरला आणि तेथील लिनव्हिल नांवाच्या ओढ्याच्या कांठीं त्यानें सहाशें एकर जमीन खरेदी केली. त्याच्या पांच मुलांचीं नांवें अब्राहम, आयझॅक, जेकब, जॉन आणि थॉमस. सिच्युएटच्या लोहाराचें त्रिकूट पुन्हा जसेंच्या तसें! या व्हर्जिनियाच्या शाखेनें पुढें गुलामहि बाळगिले. ज्यानें गुलामगिरी मोडली त्याचेच हे चुलते. घराण्याच्या इतिहासांत अशीं पानें निघतात, आणि तीं फाडून टाकणारा इतिहास लिहूं शकत नाहीं.

जॉनचा थोरला अब्राहम सैन्यांत कप्तान झाला होता. डॅनिएल बूनच्या लोकांनीं केंटकीची जी वर्णनें आणिलीं, त्यांनीं त्याचें मन वेधलें. १७८० सालीं त्यानें व्हर्जिनियांतील जमीन विकली व केंटकींतील जमिनीसाठीं सरकारांत पैसे भरले. त्या सनदेंत आडनांव लिंकहॉर्न असें लिहिलेलें आहे. कारकुनानें कानाला ऐकूं आलें तसें उतरून घेतलें. जमीन विकावयाची तर बायकोचीहि संमति लागे. म्हणून विक्रीच्या दस्तांत त्याच्या पत्नीचें, बॅथशिबाचें, नांव आलें आहे. हा दस्त फार उपकारक ठरला. लिंकन यांच्या आजीचें नांव जुन्या चरित्रांत भलतेंच दिलेलें असे. तें या कागदानें सुधारलें. स्त्रियांचीं नांवें आपल्याकडील वंशावळींतहि बहुधा गळतात. बॅथशिबाचें राहिलें तें जमिनीच्या व्यवहारापुरतें.

१७८६ च्या मे महिन्यांत कप्तान अब्राहम केंटकींतील आपल्या रानांत तिघां मुलांसह काम करीत होता. ती भूमि इंडियन लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिकारीची. तींत गोरे लोक कुंपणें घालीत चालले होते, आणि त्याचा सूड कोणाच्या तरी जिवावर बेतत असे. झाडींतून गोळी आली आणि बाप जागच्या जागीं पडला. मधला मुलगा जोसाया मदतीसाठीं धांवत सुटला. पंधराएक वर्षांचा थोरला मॉर्डेकाय झोपडींत शिरला आणि त्यानें बंदूक उचलली. आठ-दहा वर्षांचा धाकटा थॉमस बापाच्या प्रेताशेजारींच राहिला होता. एक इंडियन त्या मुलाकडे येत आहे असें पाहून मॉर्डेकायनें झोपडींतून नेम धरला व त्यास पाडलें. लिंकन यांनीं लहानपणीं ऐकलेल्या सर्व गोष्टींत हीच त्यांच्या मनावर सर्वांत खोल उमटली होती, असें त्यांनीं स्वतःच १८५४ च्या एका पत्रांत सांगितलें आहे. साल मात्र ते १७८४ च्या सुमाराचें देत.

येथें कायद्याचा एक मुद्दा येतो. केंटकी तेव्हां व्हर्जिनियाच्या अंमलाखालीं होती, आणि व्हर्जिनियांत मृत्युपत्रावांचून वारलेल्या माणसाची सर्व जमीन थोरल्या मुलास जाई. आपल्या मिताक्षरेप्रमाणें जन्मतःच मुलाचा वांटा ठरतो, तसा प्रकार तेथें नव्हता. हा कायदा रद्द करून सर्व मुलांस सारखा वांटा देणारा नवा कायदा व्हर्जिनियाच्या सभेनें १७८५ मध्यें मंजूर केला होता. पण त्याचा अंमल सुरू व्हावयाचा होता १ जानेवारी १७८७ पासून. कप्तान अब्राहम आणखी आठ महिने जगता तर थॉमस जमीनदार झाला असता. हजारों एकर थोरल्या मॉर्डेकायकडे गेले आणि थॉमस मजुरी करीत गांवोगांव फिरूं लागला. त्यास शाळा अशी मिळालीच नाहीं. मोठेपणीं कशीबशी आपली सही करण्यापलीकडे त्यास लिहितां येत नसे.

दीडशें वर्षें अखंड राहिलेला धागा तुटला तो येथें. हिंगहॅमच्या वहीवाल्यांनीं गरीब विणकराच्या पोराचीहि नोंद ठेविली होती. रानांतल्या केंटकींत तशी वही कोणीं ठेविली नाहीं. तेथें ज्याची जमीन त्याचा कागद, आणि ज्याचा कागद त्याचें नांव. बापाच्या तोंडून आजोबांचें नांव ऐकण्याचें थॉमसचें वय व्हावयाच्या आंतच बाप गेला होता; आणि कागदांची पेटी होती थोरल्या भावाच्या घरीं. या कागदाच्या अभावानें अध्यक्षांस आणखीहि एक दुःख दिलें. थॉमस व नॅन्सी हँक्स यांच्या विवाहाची नोंद कोठें सांपडेना, आणि राजकारणांतले शत्रु लिंकन यांच्या जन्माविषयीं वाटेल तें कुजबुजूं लागले. लोकांनीं शोध केला तो भलत्याच परगण्याच्या कचेरींत. खरी नोंद, १२ जून १८०६ ची, केंटकीच्या वॉशिंग्टन परगण्याच्या दप्तरांत होती. ती १८७८ सालीं बाहेर आली. मुलास जाऊन तेव्हां तेरा वर्षें झालीं होतीं.

पणजोबांच्या बाजूचा धागा त्यानंतर जुळला. १८८७ मध्यें सॅम्युएल शॅकफर्ड या संशोधकानें न्यू इंग्लंडच्या वंशवृत्तांच्या त्रैमासिकांत अध्यक्षांची परंपरा छापली. ती जुळविण्यांत पेनसिल्व्हानियांतील मॉर्डेकायच्या मृत्युपत्रांतील त्या तीनशें एकरांचें मोठें काम झालें. जॉननें पुढें ती न्यू जर्सीची जमीन विकली आणि विकतांना आपण मॉर्डेकायचा मुलगा व वारस असल्याचें दस्तांत लिहून दिलें. पेनसिल्व्हानियांतला माणूस न्यू जर्सींतली जमीन कां विकतो, या एका प्रश्नाच्या मागें गेलें म्हणजे लोहाराचा मुलगा सांपडतो, आणि लोहारापासून सॅम्युएल एका पावलावर. इंग्लंडमधील बाजू ली आणि हचिन्सन या दोघांनीं १९०९ मध्यें पुस्तकरूपानें मांडली. १९१९ सालीं जुन्या हिंगहॅमच्या देवळांत अध्यक्ष लिंकन यांचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. तीनशें वर्षांपूर्वींच्या त्या बाप्तिस्म्याच्या गांवीं.

एक प्रसंग सांगावयाचा राहिला. १८४८ च्या सप्टेंबरांत, म्हणजे डेव्हिडला पत्र लिहिल्यावर पांच महिन्यांनीं, अब्राहम लिंकन निवडणुकीच्या प्रचारासाठीं मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरीं गेले. तेथें त्या प्रांताच्या एका माजी गव्हर्नरांच्या घरीं मेजवानी झाली. घर मोठें, यजमान साठी ओलांडलेले, वडील जेफर्सनच्या मंत्रिमंडळांत बसलेले. पाहुणा केंटकींतील लांकडी झोपडींत जन्मलेला. यजमानांचें नांव होतें लेव्ही लिंकन. आमच्या घराण्यांत हें नांव कोणाचेंच नाहीं असें पाहुण्यानें मार्चांतच लिहून ठेविलें होतें. दोघांनाहि नात्याचा संशय होता, पण खात्रीनें कांहीं बोलतां येण्याजोगें कोणाजवळच नव्हतें. आज पिढ्या मोजल्या तर लेव्ही हे सॅम्युएल विणकरापासून सहावे आणि अब्राहम सातवे पुरुष. आपल्या हिशेबानें तो पाहुणा त्या रात्रीं आपल्या भावकींतल्या चुलत्याच्या पंक्तीस जेवून उठला.